ट्रे पालथा करून बघा

जुन्नर, नारायणगाव, मंचर अशा शाखांतून मी पस्तीस वर्षं बँकेत काढली. खोटी नोट बोटांना कळायची. असा मी, निवृत्तीनंतर पुण्यातल्या एका विक्रेत्याकडून कोका-कोलाचा १९३४ सालचा पत्र्याचा ट्रे घेऊन आलो. त्यावर टारझनवाला जॉनी वाइसम्युलर आणि मॉरीन ओसलिव्हन. घरी भिंग लावलं, तर काठावरची बारीक अक्षरं विरघळल्यासारखी पुसट! जुन्या ट्रेचा फोटो काढून छापलेली नक्कल होती ती. बायको म्हणाली, ‘‘अहो, चहा द्यायला चांगला आहे.’’ आजही तो त्याच कामावर आहे.

त्यानंतर मी शिकलो. आपल्याकडच्या ट्रेवर तारखा लपलेल्या असतात. किंमत ‘नये पैसे’त असेल तर माल १९५७ ते १९६४चा. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२नंतरचा. कोका-कोला १९७७मध्ये भारतातून गेली, ती १९९३मध्ये परतली. त्यामुळे ‘साहेब, पंच्याऐंशी सालचा इथलाच कोकचा ट्रे’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे व्हावं.

पण खरी साक्ष देते ती पाठ. नकली माल करणारा दर्शनी बाजूला गंज चढवतो, पोचे पाडतो आणि पाठ विसरतो. अस्सल ट्रे टेबलांवर वर्षानुवर्षं सरकलेला असतो. पाठीवर सगळ्या दिशांनी चरे असतात. पुढे बाटल्यांच्या बुडांचे गोल दिसतात आणि काठावर, जिथे अंगठा पडतो, नेमका तिथेच रंग उडालेला असतो.

गेल्या उन्हाळ्यात घोडेगावहून मंचरकडे येताना एका कोल्ड्रिंकच्या दुकानापाशी थांबलो. त्याच्या पहिल्या फ्रीजचं कर्ज मीच मंजूर केलं होतं. मालक आता नाहीत. वहिनी दुकान बघतात. फ्रीजवर लिंबं ठेवलेला ट्रे दिसला : गोल्ड स्पॉट! पारलेचं हे नारिंगी पेय १९९३मध्ये कोका-कोलाने विकत घेतलं आणि पुढे ते बंदच झालं. लिंबं बाजूला करून ट्रे पालथा केला. चरे, गोल, अंगठ्याची जागा, सगळं जिथल्या तिथे.

‘‘न्या की साहेब, भंगारातच घालायचा होता,’’ वहिनी म्हणाल्या.

खोटं कशाला बोलू? हात खिशाकडे गेला होता. पण ज्या माणसाने एकही हप्ता चुकवला नाही, त्याच्या घरातून वस्तू भंगाराच्या भावात कशी उचलायची? म्हटलं, ‘‘वहिनी, याला चांगले पैसे मोजणारे लोक आहेत. मी नेला तरी त्याच भावाने नेईन.’’

त्यांनी ट्रे घेतला. रंग उडालेल्या जागी अंगठा ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. ‘‘हे असाच धरायचे,’’ म्हणाल्या. मग पदराने पुसून ट्रे आत नेऊन ठेवला.

मला सरबत आलं ते स्टीलच्या ताटलीतून.