तातडीची अँजिओप्लास्टी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिघीत रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या छातीत दुखू लागलं, की घरातून बहुधा एकच सल्ला मिळतो: "पित्त झालंय, सोडा घे आणि पड जरा." सगळ्यांत जीवघेणा गैरसमज हाच. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद पडते. अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू मरू लागतो आणि मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. छातीवर दाब आणि दरदरून घाम ही ओळखीची लक्षणं. मधुमेह्यांत, वयस्करांत आणि बायकांत मात्र कधी नुसता दम लागतो, कधी मळमळतं. पित्त की अटॅक हे ठरवायला ईसीजी हवा. पहिला ईसीजी चांगला आला तरी दुखणं थांबत नसेल, तर तो पुन्हा काढावा लागतो.

"भावाला गावाहून येऊ द्या, पैशांचं बघू, अँजिओप्लास्टी उद्या करू," हा दुसरा गैरसमज. 2003 मध्ये 23 चाचण्यांतल्या 7,739 रुग्णांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालेल्यांपैकी सुमारे 9 टक्के रुग्ण पहिल्या काही आठवड्यांत दगावले, तातडीच्या अँजिओप्लास्टीनंतर, म्हणजे बंद धमनी फुग्याने उघडल्यानंतर, 7 टक्के. पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण 7 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आलं. पण हा फायदा वेळेत पोहोचणाऱ्याचा आहे.

म्हणूनच "इंजेक्शन म्हणजे गरिबाचा उपचार" हेही चूक. निदानानंतर 120 मिनिटांत धमनी उघडणं शक्य नसेल, तर योग्य रुग्णाला आधी इंजेक्शन द्यावं आणि मग कॅथलॅब (अँजिओप्लास्टी जिथे होते तो कक्ष) असलेल्या रुग्णालयात हलवावं, असं वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात. चाकणच्या वाहतूक कोंडीत अडकल्यावर किंवा पालखीमुळे आळंदी रस्ता बंद असलेल्या दिवशी हाच मार्ग जीव वाचवू शकतो.

आता उलट बाजू. अटॅक नाही, पण तपासणीत ब्लॉकेज निघालं. "लगेच स्टेंट टाका, म्हणजे अटॅक येणारच नाही," असं घरचे म्हणतात. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या 'करेज' चाचणीत अशा स्थिर आजाराच्या 2,287 रुग्णांमध्ये औषधांच्या जोडीला स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, टाकूनही मृत्यू किंवा अटॅक कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं तेवढं कमी झालं. अशा वेळी घाई करू नये, दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्यावं.

स्टेंट बसला म्हणजे आजार संपला, असंही नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या अटॅकनंतर साधारण वर्षभर घ्याव्या लागतात. मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

खर्चाच्या धास्तीने थांबू नका. 2017 पासून स्टेंटच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे.

रुग्णाला दुचाकीवर मागे बसवून नेऊ नका, 108 ला फोन करा. आणि आपल्या जवळच्या कोणत्या रुग्णालयाची कॅथलॅब रात्रीही चालू असते, हे आजच विचारून ठेवा.