जुन्या आज्ञावली आणि नवा माहितीसंग्रह

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. रुपयाचे सोळा आणे मोजणाऱ्या माणसांना आता शंभर नवे पैसे मोजावे लागले. तथापि जुनी नाणी त्याच दिवशी बाद झाली नाहीत. काही काळ दोन्ही नाणी बाजारात एकत्र नांदली. चार आणे म्हणजे पंचवीस नवे पैसे, हा हिशोब सरळ होता. परंतु एका आण्याचे होत सव्वासहा नवे पैसे, आणि पाव पैशाचे नाणे तर नव्हतेच. जुने आणि नवे बहुतांशी जुळतात पण पूर्णपणे जुळत नाहीत, तेथेच अडचण उभी राहते. संगणकावरील माहितीसंग्रह म्हणजे डेटाबेस जेव्हा नव्या आवृत्तीवर नेला जातो, तेव्हा हाच अनुभव येतो.

एखाद्या ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. पुस्तकांच्या व सभासदांच्या नोंदी जतन करणारी आणि मागितल्याबरोबर शोधून देणारी प्रणाली म्हणजे डेटाबेस. ग्रंथपालाच्या पडद्यावर देवघेवीचे तक्ते दाखवणारी आज्ञावली निराळी असते. ती एसक्यूएल नावाच्या भाषेत डेटाबेसला प्रश्न विचारते, आणि या दोहोंमधील निरोपांची ने-आण ‘ड्रायव्हर’ नावाची एक छोटी आज्ञावली करते. हे तिन्ही भाग निरनिराळ्या लोकांनी, निरनिराळ्या काळी लिहिलेले असतात. म्हणूनच ते एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत.

पोस्टग्रेसक्यूएल या सुप्रसिद्ध डेटाबेसचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याचे मूळ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत, मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात आहे. आजचे नाव त्याला १९९६ मध्ये मिळाले. त्याची प्रमुख आवृत्ती साधारणपणे दरवर्षी निघते आणि प्रत्येक आवृत्तीतील दोष सुमारे पाच वर्षेच दुरुस्त केले जातात. त्यानंतर सुरक्षेतील एखादे छिद्र सापडले, तरी ते बुजवले जात नाही. उलटपक्षी, देवघेवीची आज्ञावली पंधरा वर्षे सहज वापरात राहते. ती लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो आणि नवी आज्ञावली घेण्यास पैसा नसतो. अशा वेळी नवा डेटाबेस आणि जुनी आज्ञावली यांना एकत्र नांदवणे भाग पडते.

दोहोंचे बिनसते ते मुख्यतः तीन ठिकाणी. पहिले ठिकाण साठवणीचे. एका प्रमुख आवृत्तीने चकतीवर लिहिलेल्या फाइली दुसरी प्रमुख आवृत्ती जशाच्या तशा उघडू शकत नाही. मात्र एकाच यंत्रावर दोन आवृत्त्या शेजारी शेजारी चालवता येतात. त्यासाठी प्रत्येकीला स्वतंत्र साठवण-जागा आणि स्वतंत्र पोर्ट-क्रमांक द्यावा लागतो.

दुसरे ठिकाण अर्थाचे. आणि ते अधिक फसवे आहे. समजा, एखाद्याने १५ ऑक्टोबर २००५ पूर्वीच्या नोंदी मागताना ती तारीख अवतरणचिन्हांविना २००५-१०-१५ अशी लिहिली. संगणकाला ती तारीख न वाटता वजाबाकी वाटते आणि उत्तर येते १९८०. जुन्या आवृत्त्या नोंदीतील तारीख आणि ही संख्या, दोन्ही निमूटपणे अक्षरांत बदलून त्यांची तुलना करीत. परिणामी २००३ मधील नोंदही यादीतून गळून पडे आणि कोणतीही सूचना मिळत नसे. फेब्रुवारी २००८ मध्ये आलेल्या ८.३ आवृत्तीने हे आपोआप होणारे रूपांतर बंद केले व अशा प्रश्नाला त्रुटीचा संदेश देणे सुरू केले. अनेक आज्ञावली अडल्या आणि नव्या आवृत्तीने काम बिघडवले, अशी वापरणाऱ्यांची समजूत होणे स्वाभाविक होते. वस्तुतः वरील उदाहरणात काम आधीच बिघडलेले होते. नव्या आवृत्तीने ते फक्त उघड केले.

तिसरे ठिकाण ओळख पटवण्याचे. २०१७ मध्ये आलेल्या १० व्या आवृत्तीत संकेतशब्द तपासण्याची ‘स्क्रॅम’ ही अधिक सुरक्षित पद्धत आली. २०२१ च्या १४ व्या आवृत्तीपासून नवे संकेतशब्द साठवण्यासाठी तीच पद्धत ठरावीक झाली. जुन्या ड्रायव्हरला ती समजत नाही, म्हणून संकेतशब्द बरोबर असूनही दार उघडत नाही. येथे घाईने सर्वांसाठीच जुनी एमडी५ पद्धत चालू करण्याचा मोह होतो. तसे करणे म्हणजे एका म्हाताऱ्या पाहुण्याला कुलूप उघडता येत नाही म्हणून साऱ्या घराची कुलपे काढून टाकणे होय. आधी ड्रायव्हर बदलून पाहावा. पुष्कळदा मूळ आज्ञावलीला हात न लावता तेवढ्याने काम भागते. ते शक्य नसेल, तर सवलत त्या एकाच खात्यापुरती आणि त्या एकाच यंत्रापुरती ठेवावी.

स्थलांतराचाही एक क्रम आहे. प्रथम साऱ्या नोंदींची प्रत काढावी. ती नव्या आवृत्तीच्या साधनाने काढणे योग्य, कारण नवे साधन जुना डेटाबेस वाचू शकते, जुने साधन मात्र नव्याला नकार देते. त्या प्रतीवर नवी आवृत्ती उभारून जुनी आज्ञावली तिच्याशी जोडावी आणि महिन्याकाठी किंवा वर्षाकाठी होणारी कामेही करून पाहावीत. काम थांबवणे परवडत नसेल, तर १० व्या आवृत्तीपासून उपलब्ध असलेल्या ‘तार्किक प्रतिकृती’च्या साहाय्याने एका आवृत्तीतील नोंदी दुसरीकडे सतत पाठवता येतात. मात्र तक्त्यांच्या रचनेतील बदल तीतून आपोआप जात नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

अशी प्रत्येक सवलत म्हणजे उसनवारी होय. ती का दिली, कोणासाठी दिली आणि केव्हा काढून घ्यायची, हे त्याच दिवशी लिहून ठेवले पाहिजे. आज्ञावली बदलतात, त्या चालवणारी माणसेही बदलतात. परंतु सभासदाची नोंद, निवृत्तिवेतनाचा हिशोब, रुग्णाचा इतिहास त्या सर्वांहून दीर्घकाळ टिकावा लागतो. आण्यांना मुदत घालून दिलेली होती, म्हणूनच नव्या पैशाचा हिशोब अखेर सुटसुटीत झाला.