आपलीच चूक उघड करणारा अभियंता

उंच इमारतीकडे पाहताना लक्ष जाते ते तिच्या डौलाकडे आणि वास्तुरचनाकाराच्या कल्पकतेकडे. ती इमारत वाऱ्यापावसात उभी कशी राहते याचा हिशेब मांडणारा संरचना अभियंता बहुधा पडद्याआडच राहतो. मजले वाढत जातात तसा स्वतःच्या वजनाबरोबरच वाऱ्याचा रेटा पेलण्याचा प्रश्न बिकट होत जातो. अमेरिकेतील विल्यम लमेझर हे या शास्त्रातील नामवंत जाणकार. आज मात्र त्यांचे स्मरण होते ते त्यांनी स्वतःच्या हिशेबात स्वतःच पकडलेल्या चुकीमुळे.

१९२६ साली जन्मलेल्या लमेझर यांनी हार्वर्डमध्ये गणिताचे आणि पुढे एमआयटीमध्ये बांधकामशास्त्राचे शिक्षण घेतले. १९६१ मध्ये त्यांनी स्वतःची पेढी सुरू केली. त्यांच्या कारकिर्दीचा मुकुटमणी ठरली ती न्यूयॉर्कची ५९ मजली, २७९ मीटर उंचीची सिटीकॉर्प सेंटर ही इमारत. तिच्या जागेच्या एका कोपऱ्यात जुने चर्च होते. नवे चर्च त्याच कोपऱ्यात, इमारतीपासून स्वतंत्र उभे राहावे, अशी अट होती. म्हणून लमेझर यांनी चार प्रचंड खांब कोपऱ्यांऐवजी प्रत्येक बाजूच्या मध्यावर घेतले आणि वरचा भार तिरप्या पोलादी बंधांनी त्या खांबांपर्यंत आणला. वाऱ्याचे झोके आवरण्यासाठी माथ्यावर सुमारे ४०० टनांचा काँक्रीटचा ठोकळा तेलाच्या पातळ थरावर सरकता ठेवला. १९७७ मध्ये इमारत पूर्ण झाली आणि सर्वत्र तिची वाखाणणी झाली.

पुढच्याच वर्षी खांबांच्या जागेविषयी एका विद्यार्थ्याची शंका त्यांच्यापर्यंत आली. तिच्या निमित्ताने लमेझर यांनी जुने गणित पुन्हा काढले. त्या काळच्या नियमांनुसार वारा समोरून आदळतो असे धरणे पुरेसे होते. आता त्यांनी तो कोपऱ्यावर तिरपा आदळतो असे धरून पाहिले. काही बंधांवरचा वाऱ्याचा भार ४० टक्क्यांनी वाढत होता. त्याच सुमारास, बंधांचे जोड आराखड्याप्रमाणे वेल्डिंगचे न करता बोल्टचे केले गेल्याचे त्यांना समजले. हा बदल त्यांच्याच पेढीने मंजूर केला होता. इमारतीच्या वजनाचा दाब वाऱ्याच्या ताणातून वजा जातो आणि उरलेला ताण जोडांनी पेलायचा असतो. खर्च तेवढाच राहून विक्री थोडी वाढली तरी निव्वळ नफा कितीतरी पट वाढतो, हे व्यापाऱ्याला ठाऊक असते. येथेही तसेच झाले, मात्र उलट अर्थाने. बंधांवरचा ४० टक्क्यांचा वाढीव भार जोडांपर्यंत येताना १६० टक्के झाला. लमेझर यांच्या हिशेबानुसार, वीज जाऊन माथ्यावरचा ठोकळा बंद पडला, तर सरासरी सोळा वर्षांतून एकदा येणारे वादळ ही इमारत पाडू शकले असते.

चूक कोणाच्याही ध्यानात आलेली नव्हती. ती उघड केली तर खटले, दिवाळे आणि आयुष्यभराच्या लौकिकाचा नाश समोर दिसत होता. गप्प राहिले तर हजारो जीव टांगणीला लागणार होते. लमेझर यांनी बोलायचे ठरवले. विमा कंपनी, वास्तुरचनाकार, बँकेचे प्रमुख आणि नगर प्रशासन या सर्वांना त्यांनी आपली चूक स्वतः सांगितली. पण नुसती चूक नव्हे, तर दुरुस्तीची योजनाही सोबत नेली.

ऑगस्ट १९७८ पासून रोज रात्री वेल्डर कामाला लागत. दोनशेहून अधिक जोडांवर दोन इंच जाडीच्या पोलादी पट्ट्या बसवल्या गेल्या. पहाटे सारे स्वच्छ करून सकाळी कार्यालये नेहमीप्रमाणे उघडत. सप्टेंबरच्या आरंभी एला नावाचे चक्रीवादळ किनाऱ्याच्या दिशेने येऊ लागले, तेव्हा काम अपुरे होते. सुदैवाने वादळ समुद्राकडे वळले. पुढे काही आठवड्यांतच दुरुस्ती पूर्ण झाली.

अपेक्षित नाश ओढवला नाही. लमेझर यांच्या विमा कंपनीने वीस लाख डॉलर भरले आणि बँकेने तेवढ्यावर प्रकरण मिटवले. कबुलीमुळे त्यांची पत घटण्याऐवजी वाढली.

तरीही या कथेची दुसरी बाजू दडवता येणार नाही. त्या इमारतीत काम करणाऱ्यांना आणि आसपास राहणाऱ्यांना धोक्याची कल्पना दिली गेली नव्हती. वृत्तपत्रांचा संप असल्यामुळे प्रश्न विचारणारेही थोडेच होते. सारा प्रकार जगासमोर आला तो १९९५ साली, सतरा वर्षांनी. ज्यांचे प्राण पणाला लागले होते, त्यांना सत्य जाणण्याचा हक्क नव्हता काय, असा आक्षेप अनेक जाणकारांनी घेतला आणि तो रास्तच आहे.

२००७ मध्ये लमेझर यांचे निधन झाले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आजही ही कथा शिकवली जाते, ती तिच्या दोन्ही बाजूंसह. हिशेबात चूक कोणाच्याही हातून होते. ती सापडल्यावर वही मिटून ठेवायची की संबंधितांपुढे उघडायची, येथे माणसाची परीक्षा असते. लमेझर यांनी वही उघडली. मात्र ज्यांचा त्या हिशेबाशी सर्वांत जवळचा संबंध होता, त्यांच्यापर्यंत ती पोहोचली नाही.