पाहायला देखणा, खेळायला उणा

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम ऑगस्ट २०२० मध्ये निंटेंडो स्विचवर आला आणि ऑक्टोबरात संगणक, प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर. या दोन्हींच्या दरम्यान, २ सप्टेंबरला, केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. बातम्या झाल्या त्या बंदीच्या. जळगाव-धुळ्याकडची बहुतेक पोरं गेम खेळतात ती मोबाइलवर, त्यामुळे महागड्या यंत्रांवर आलेली राजी त्यांच्यापर्यंत पोचायला तशीही अवघडच होती. बाहेर मात्र तिची दखल घेतली गेली. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या उत्तम स्वतंत्र गेमच्या नामांकनांत ती होती. कौतुक झालं ते बरोबरच झालं, पण ते नेमकं कशाचं, हे पाहिलं की गेमची दुबळी बाजूही तिथेच सापडते.

आधी बलस्थान. राजी ही सर्कशीतली कसरतपटू मुलगी. महाबलासुराची राक्षससेना तिचा धाकटा भाऊ गोलू याला पळवून नेते आणि दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन ती त्याच्या शोधात निघते. पुढे विष्णूचं धनुष्य हाती येतं. देवादिकांना बाहुल्यांसारखं नाचवायचं का, असा आक्षेप अशा गेमवर घेतला जातो आणि तो अगदीच पोकळ नसतो. इथे तो लागू पडत नाही, कारण खेळणाऱ्याच्या हाती देव दिलेलाच नाही. दुर्गा आणि विष्णू वरून पाहतात, आपसांत बोलतात, कथा सांगतात. लढते, पडते ती माणसाची पोर. आख्यानाची ही जुनी रीत आहे आणि कंपनीने ती समजून वापरली आहे. राजस्थानी किल्ल्यांच्या धर्तीवरचे बुरूज, पहाडी लघुचित्रांची आठवण देणारे रंग, मधल्या प्रसंगांसाठी छायाबाहुल्यांचा खेळ, हे सगळं मनापासून केलेलं दिसतं. भारतीय म्हटलं की राजस्थानच का, आमच्याकडच्या फरकांड्याचे झुलते मनोरे का नकोत, अशी खानदेशी कुरकूर करता येईल; पण हे दृश्य वैभव खोटं नाही.

अडचण पुढे आहे. गच्चीतून अंगणाकडे पाहावं तसा कॅमेरा उंचावर, ठरलेल्या कोनात असतो. राजीचं जग त्यातून सुंदर दिसतं, पण उडी नेमकी कुठे पडेल, समोरची कड जवळ आहे की लांब, याचा अंदाज चुकतो. नजर सुखावते आणि हात अडखळतात. भिंतींवरच्या चित्रांचंही तसंच. राजी चित्रापाशी गेली की देव त्यामागची कथा सांगू लागतात. खेळणाऱ्याने उभं राहून ऐकायचं. जळगावहून साठेक किलोमीटरवरच्या अजिंठ्याशी हे ताडून पाहावं. तिथे सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक रंगवताना चित्रकाराने तीच माणसं एकाच भिंतीवर पुन्हापुन्हा आणली आहेत. प्रसंगांचा क्रम पाहणाऱ्याने चालत, शोधत लावायचा असतो. दीड हजार वर्षांपूर्वीची ती भिंत पाहणाऱ्याला कामाला लावते. गेम हे तर मुळातच कृतीचं माध्यम, आणि इथे कथा ऐन वेळी खेळणाऱ्याचे हात रिकामे ठेवते. कोडीही चित्राचे तुकडे फिरवून जुळवण्याची, डोक्याला फारसा ताण न देणारी.

लढाईत काही कल्पना फार चांगल्या आहेत. भिंतीवर धावत जाऊन वार करणं, खांबाला धरून गरगर फिरत राक्षसांना उडवणं. मल्लखांब पाहिलेल्या मराठी माणसाला हे लगेच भिडेल, आणि सर्कशीच्या पोरीला ते शोभतंही. पण वार केल्यावर तो बसल्याची जाणीव पुरेशी होत नाही, राक्षसांचे प्रकार मोजके आहेत, आणि बंद रिंगणात एकामागून एक टोळ्या येतात तेव्हा मघाची मजा पाठ झालेल्या हालचालींत विरते. अस्त्रांना निरनिराळ्या शक्ती जोडता येतात, तरी लढण्याची पद्धत त्याने फारशी पालटत नाही. २०२० च्याच सप्टेंबरात अमेरिकेतल्या सुपरजायंट कंपनीचा ‘हेडीस’ हा गेम पूर्ण स्वरूपात आला. तिथेही पुराणकथा (ग्रीक), तिथेही वरून पाहणारा कॅमेरा. झ्यूसची वीज एका शत्रूवरून दुसऱ्यावर उडी मारते, पोसायडनची लाट शत्रूला मागे ढकलते. कुठला देव कसा, हे तिथे हाताला कळतं.

यावर कुणी म्हणेल, ही तुलना अन्यायाची आहे, आणि ते बरंचसं खरं आहे. सुपरजायंटच्या गाठी आधीचे तीन गेम होते. पुण्याच्या चमूचा हा पहिलाच. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याची त्यांची मोहीम उद्दिष्ट गाठू शकली नाही. एपिक गेम्स कंपनीच्या अनुदानाने आणि पुढे प्रकाशक मिळाल्याने काम तडीस गेलं. गेम पाच-सहा तासांत संपतो, कथा ऐन रंगात तुटते, यामागे ही ओढाताण असणारच. पण उणिवेचं कारण सापडलं म्हणून उणीव मिटत नाही. शिवाय पैशाच्या टंचाईने सगळ्याचाच उलगडा होत नाही. हाताशी होतं ते बळ त्यांनी आधी दृश्यावर लावलं, ही निवड होती, आणि अनोळखी भारतीय कथेकडे जगाचं लक्ष वेधायचं तर ती शहाणपणाचीही होती. झलक पाहून लोक थांबले ते त्या दृश्यांमुळेच. ‘आपल्या मातीतला गेम’ म्हणून दोष झाकणारे मात्र कंपनीचं काही भलं करत नाहीत. परदेशी समीक्षकांनी लढाई आणि कॅमेऱ्यावर बोट ठेवलं, आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत कंपनीने नेमक्या याच गोष्टी हाती घेतल्या.

त्या आवृत्तीत कॅमेरा बदलला, लढाई सुधारली आणि हिंदी आवाज आले. इंग्रजीत देवांचे संवाद परके, थोडे नाटकी वाटत होते. हिंदीत ते कानाला बरे लागतात. पुढे काही काळ नेटफ्लिक्समार्फत राजी मोबाइलवरही आली होती, म्हणजे चाळीसगाव-शिरपूरच्या पोरांच्या हाती येण्याइतकी जवळ. पण चित्रापाशी थांबून ऐकायचं ते ऐकायचंच राहिलं, आणि शेवट जिथे तुटत होता तिथेच तुटतो. पहिल्यांदाच खेळणाऱ्याने सुधारित आवृत्ती घ्यावी, आवाज हिंदी ठेवावा आणि शेवटी सगळं उलगडेल या आशेवर राहू नये.