माशाच्या कानामागची गोष्ट

रोहूचं डोकं ताटात आलं की खवय्ये त्यातलं एकेक हाड चोखून बाजूला ठेवतात. पण कवटीच्या मागे, पाठीचा कणा सुरू होतो तिथं, दोन्ही बाजूंना तीन-चार इवलीशी हाडं असतात. ती कुणाच्या नजरेला पडत नाहीत. मला मात्र गोड्या पाण्यातल्या माशांविषयी बोलायचं म्हटलं की आधी तीच आठवतात.

पाण्यातल्या आवाजानं माशाच्या पोटातली हवेची पिशवी थरथरते. ही थरथर त्या हाडांच्या साखळीतून आतल्या कानापर्यंत पोचते. रोहू, कटला, मृगळ, शिंगाडा या सगळ्यांकडे ही सोय आहे. मरळ आणि तिलापिया यांच्याकडे नाही. गोड्या पाण्यातल्या माशांच्या निम्म्याहून कितीतरी अधिक जाती या हाडवाल्या घराण्यातल्या आहेत.

अर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञानं १८२० साली या हाडांचं वर्णन केलं. आपल्याही मधल्या कानात हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडं असतात. माशातली हाडं म्हणजे तीच, असं वेबरला वाटलं आणि त्यानं नावंही तीच दिली. हाडं इवली, काम ऐकण्याचं, साखळीही तशीच. फसायला आणखी काय हवं?

उलगडा झाला तो पिल्लांमुळे. मोठ्या माशात ही हाडं तयार मालासारखी दिसतात. ती कशातून घडली हे कळत नाही. म्हणून सेंटिमीटरभराचं पिल्लू घेतात आणि पाचकरसानं त्याचं मांस पारदर्शक करतात. निळ्या रंगानं कूर्चा रंगते, तांबड्यानं हाड. मग ते ग्लिसरिनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. काचेच्या माशात निळा-तांबडा सांगाडा! कितीही वेळा पाहिला तरी माझी नजर हटत नाही.

वेगवेगळ्या वयांची पिल्लं ओळीनं पाहिली की दिसतं, ही हाडं कवटीची नाहीतच. ती पहिल्या काही मणक्यांच्या कमानींपासून आणि बरगडीसारख्या भागांपासून घडतात. मागच्या मणक्यांवर तेच भाग साध्या रूपात असतात. प्रयोगशाळेतला लाडका झेब्रा मासा मूळचा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. त्याच्या पिल्लांत ही साखळी जसजशी पुरी होते, तसतसे अधिक उंच पट्टीचे आवाज त्यांना ऐकू येऊ लागतात.

मग आपली हातोडी आणि ऐरण कुठली? त्याचंही उत्तर भ्रूणानंच दिलं. १८३७ साली कार्ल राइखर्टनं डुकराच्या भ्रूणात दाखवलं, की ही दोन हाडं जबड्याच्या कूर्चेपासून होतात. म्हणजे आपल्या हातोडी-ऐरणीची खरी भावंडं रोहूतही आहेत. पण कानाजवळ नव्हे, जबड्याच्या सांध्यात. रोहू अजून त्यांच्या जोरावर तोंड उघडतो नि मिटतो.