होडीची डागडुजी आणि माणसाची

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही. मग वसंत व्याख्यानमालेत आम्ही होडीची गोष्ट का काढावी, असे श्रोत्यांना वाटणे साहजिक आहे. कारण असे की, आमची सारी शाळा कारंजा भागातल्या जिनांच्या फाटकावर झाली, आणि जिनाप्रमाणे होडीचाही धंदा हंगामी आहे. युनियनच्या कामानिमित्त रत्नागिरीकडे जाणे झाले, तेव्हा जुन्या तांडेलांकडून जे समजून घेतले ते येथे सांगतो.

पावसाळ्याच्या तोंडाशी शिडाची होडी किनाऱ्यावर ओढून घेत, बुडाचे शेवाळ व शिंपले खरवडीत, डोलकाठी उतरवीत आणि वर झावळ्यांचे छप्पर घालीत. शीड वाळवूनच ठेवायचे. ओले गुंडाळले की कुजलेच समजावे. श्रावण जवळ आला की डागडुजी सुरू होई. हातोडीने एकेक फळी ठोकून पाहायची. बद्द आवाज आला की फळी आतून गेली. वाळलेल्या लाकडाच्या सांध्यांत फटी पडतात. त्यांत तेल-राळेत भिजवलेला कापूस ठासायचा. पुढे पाण्यात फळ्या फुगतात, कापूस दाबला जातो आणि सांधा पक्का होतो. लाकूड पोखरणारे समुद्री जीव लागू नयेत म्हणून बुडाला चुना व चरबी यांचा लेप. मग दोर, सुकाणू आणि शेवटी शीड. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की होडी पाण्यात. आता बहुतेक होड्यांना इंजिन आहे, आणि यंत्रनौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तरी लाकडी होडीची निगा चुकलेली नाही.

आम्ही एका तांडेलाला विचारले, "या दिवसांत खलाशी खातो काय?" तो म्हणाला, "मालकाची उचल." म्हणजे हंगामापूर्वीच हंगामाची कमाई खर्ची पडलेली!

आमच्याकडे तरी निराळे काय? जिन बंद झाला की रूळ उतरवतात, पाती घासतात, यंत्राला तेल देतात. कामगाराला मात्र दसऱ्यापर्यंत घरची वाट. १९५३ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात कामबंदीची भरपाई आली, पण हंगामी कारखाने तिच्यातून वगळले गेले. एका जिनमालकापुढे आम्ही हे गाऱ्हाणे मांडले. ते म्हणाले, "काम नाही तर दाम कसला?" आम्ही म्हटले, "शेठजी, यंत्रालाही काम नाही. मग त्याला तेल कशाला?" ते हसले. पण त्या वर्षी डागडुजीचे काम बाहेरच्यांना न देता आमच्याच माणसांना मिळाले. लाभ एवढाच, पण खरा.

बिनहंगामात न सांभाळलेली होडी हंगामात बुडवते, हे कोळ्याला सांगावे लागत नाही. माणसाच्या बाबतीतही तेवढेच उमजावे, इतकेच आमचे म्हणणे आहे.