लपवलेली मालकी शेवटी कोणाची?
नवी कंपनी काढताना : लेखांक ७

कंपनीचे प्रकार गेल्या आठवड्यात पाहिले. त्यानंतर येणारा प्रश्न सीएच्या टेबलावर नेहमी दबक्या आवाजात विचारला जातो : कंपनी माझी असू द्या, पण माझं नाव कुठे दिसायला नको, असं होईल का? जळगावची डाळ मिल असो की धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतला कारखाना, या प्रश्नामागची कारणं बहुतेक सारखीच असतात. भावकीत हिस्सेवाटपाचा वाद चालू असतो, ज्याचा माल आजवर विकला त्याच्याशीच आता स्पर्धा करायची असते, किंवा पैसा दिसला की उसने मागणाऱ्यांची रांग लागेल अशी धास्ती असते. ही कारणं खोटी नाहीत. पण त्यावर ‘मेहुण्याच्या नावावर करून टाकू’ हा जो उपाय काढला जातो, तो मालकाचाच घात करतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

याचा उलटा दाखला खान्देशातच आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी अमळनेरच्या तेल कारखान्यासाठी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली. तीच पुढे विप्रो झाली. अमळनेरच्या अनेक कुटुंबांनी तिचे शेअर घेतले आणि पिढ्यानपिढ्या सांभाळले. बोनस शेअर मिळत गेले आणि मूळच्या किरकोळ रकमेचं मोठं धन झालं. ते मुला-नातवंडांपर्यंत पोहोचू शकलं, कारण सभासदांच्या नोंदवहीत त्यांचं नाव होतं. आणि त्या नोंदीमुळे ते धन चव्हाट्यावर आलं असंही नाही. शेअर बाजारातली कंपनी दर तिमाहीला भागधारणेचा तक्ता जाहीर करते, त्यात प्रवर्तकांची नावं असतात, पण सर्वसाधारण भागधारकांपैकी एक टक्का किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेल्यांचीच नावं येतात. ज्याच्या हाती सूत्रं, तो उघड. बाकीचे आपापल्या घरी निवांत.

छोट्या खासगी कंपनीला एवढा आडोसा नाही, हे मान्य करायला हवं. संचालकांची नावं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही दिसतात आणि थोडं शुल्क भरलं की कंपनीने दाखल केलेली कागदपत्रंही पाहता येतात. म्हणूनच दुसऱ्याचं नाव पुढे करायचा मोह होतो. कंपनी कायदा, २०१३ चं कलम ८९ त्यालाही सरळ मनाई करत नाही. शेअर एकाच्या नावावर आणि लाभ दुसऱ्याचा, अशी रचना चालते, पण दोघांनी ३० दिवसांत कंपनीला तसं लिहून द्यायचं (अर्ज एमजीटी-४ आणि एमजीटी-५) आणि कंपनीने पुढच्या ३० दिवसांत ते निबंधकाकडे कळवायचं (एमजीटी-६). म्हणजे नाव नोंदीत आलंच. ते टाळलं तर काय, हे त्याच कलमाच्या आठव्या पोटकलमात आहे : ज्या शेअरबाबत घोषणा केली नाही, त्यावरचा कोणताही हक्क खऱ्या मालकाला किंवा त्याच्या वारसांना बजावता येत नाही. मेहुणा फिरला की कोर्टाचा दरवाजा बंद. वर बेनामी व्यवहारांचा कायदा आहेच. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यात एक ते सात वर्षांची सक्तमजुरी आणि मालमत्तेच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. पती-पत्नी आणि मुलांच्या नावे ज्ञात उत्पन्नातून केलेली खरेदी त्यातून वगळली आहे, मेहुण्याच्या नावे केलेली नाही.

‘अमेरिकेत तर वायोमिंगमध्ये मालकाचं नाव न देता कंपनी निघते’, असा दाखला आता सर्रास दिला जातो. निघते, तिथल्या राज्याच्या जाहीर नोंदीत मालक दिसत नाही हेही खरं. पण भारतात राहणाऱ्या करदात्याला परदेशातली अशी मालकी प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवावी लागते, आणि न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड बसू शकतो. बँकही खातं उघडताना दहा टक्क्यांपेक्षा जास्त हिस्सा कोणाचा, हे विचारतेच.

एका आक्षेपात मात्र खरोखर वजन आहे. घरचा पत्ता, पॅन, ई-मेल कोणाच्याही हाती का पडावेत? विशेषतः एकट्याने धंदा उभा करणाऱ्या बाईला ही काळजी वाटली तर ती रास्तच आहे. कायद्यानेही ते ओळखलं आहे. ऑक्टोबर २०२२ च्या नियमदुरुस्तीनंतर सभासदांच्या नोंदवहीची पाहणी करणाऱ्याला व्यक्तीचा पत्ता, पॅन आणि ई-मेल दाखवायचे नाहीत. जपायचं ते हे. तेव्हा नोंदणीकृत कार्यालय घरी ठेवू नका, धंद्याचा फोन आणि ई-मेल वेगळे घ्या. भावकीची भीती असेल तर कंपनी काढण्याआधी वाटणीपत्र नोंदवून घ्या. आणि दुसऱ्याच्या नावावर शेअर आधीच असतील, तर सीएला या आठवड्यातच विचारा : आपले एमजीटी-४ आणि ५ भरले आहेत का?